वाकोडे सरांचं ओव्हरराइडिंग

सासूबाईंचा चहा बदलायला मी कॉम्प्युटरच्या क्लासला गेले आणि तिथंही तोच चहा नशिबी आला. तेव्हा मी तरुण होते, म्हणजे पंचावन्नची. जावा ही प्रोग्रामची भाषा शिकून ऑफिसातल्या पोरांना गप्प करायची खुमखुमी होती. प्रोग्राममध्ये आधी ‘सासू’ लिहिली, तिला ‘चहा कर’ हे काम दिलं. मग तिचा वारसा चालवणारी ‘सून’ लिहिली. तिच्याही ‘चहा कर’मध्ये झकास आलं घातलं, पण शहाणपणा करून कंसात साखर मागून ठेवली. सुनेला हुकूम सोडला, ‘चहा कर’. पडद्यावर सासूबाईंचा बिनआल्याचा चहा हजर.

आमच्या शहरातल्या नेपियर टाउनमधल्या त्या क्लासात वाकोडे सर पोट धरून हसले. "वहिनी, तुम्ही सासूला बदललंच नाही. बाजूला दुसरी चूल मांडली फक्त. साखर न देता हाक मारली की सासूच येणार."

सरांना जगात दोनच गोष्टी दिसायच्या. "आमची मंडळी ‘अहो’ म्हणते. हातात पिशवी दिली तर बाजार. पाहुणा आणून बसवला तर गप्पा मारा. नाव एकच, सोबत काय दिलं त्यावर काम ठरते. हे ओव्हरलोडिंग." आणि बापाचंच काम, त्याच नावानं, कंसात वेगळं काही न मागता, पोरानं आपल्या रीतीनं केलं की ओव्हरराइडिंग. शेजारच्या गोरखपुर मोहल्ल्यातल्या भाजीवाल्यालाही त्यांनी हे समजावलं होतं. त्यानं "अच्छा सरजी" म्हणत फुकट कोथिंबीर देऊन सुटका करून घेतली.

परवा नातीचं नाव घालायला त्याच क्लासात गेले. आता सरांचा मुलगा शिकवतो. फळा गेला, चुली आणि सासवाही गेल्या. पोरं ‘सर’ म्हणाली की मुलगाच वळतो. वाकोडे सर बाहेर, दाराशी स्टूल टाकून बसलेले.

माझ्या जिभेला हाड कधीच नव्हतं. म्हटलं, "काहून सर, पोरानं तुम्हालाच ओव्हरराइड केलं की."

त्यांचा कान वर्गातल्या आवाजाकडे होता. मग म्हणाले, "करायलाच पाहिजे वहिनी, नाहीतर मी शिकवलं काय? पण बापाचं काम खोडल्या जात नाही, झाकून राहते. अडलं तर पोरगं प्रोग्रामात एक ओळ लिहून बापाला बोलावू शकते. ऐकू यावं म्हणून इथं बसून राहिलो."