पौषातला पाडवा

मधुकररावांच्या पतसंस्थेत कॉम्प्युटर आला तो नेमका पौषात. आता बोला! पौषात कोणी शहाणा माणूस नवं काही सुरू करतो का? पण मशीन बसवणारा इंजिनिअर थांबायला तयार नव्हता, आणि मशीनने तर सुरू होताच आजची तारीख विचारली.

"पाडव्याची सांग," मधुकरराव अरुंधतीला म्हणाले. "त्याले कुठं कॅलेंडर दिसते?"

अरुंधती नोकरीत नवी. तिने मुकाट्याने दोन महिने पुढची तारीख दिली. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि सभासदांच्या घरच्या मंगलकार्यांची माहिती घेऊन मशीनने अशी धडाधड शुभेच्छापत्रं लिहिली की साऱ्या ऑफिसने हात जोडले.

त्यातलं एक नंदनवन वस्तीत राहणाऱ्या सभासद रुपरावांकडे पोचलं. त्यांच्या गोपिकेचं लग्न माघात ठरलेलं, आणि काटोलहून व्याही देवाजी मांडवाचं बोलायला आलेले. पत्र देवाजींनीच कौतुकाने मोठ्यांदा वाचलं. "'आपली कन्या गोपिका हिचा विवाह मागील माघात थाटात झाला. सध्या ती सासरी सुखात आहे.'"

देवाजींनी कपबशी खाली ठेवली. "काहून गा रुपराव? कोणाच्या सासरी?"

"बाप्पा! पोरगी आत पोहे करून राहिली!"

"मंग कॉम्प्युटर खोटं लिहिते काय? मोडली सोयरीक!"

रुपरावांच्या तोंडचं पाणीच पळालं. हातापाया पडून त्यांनी व्याह्यांना रिक्षात बसवलं आणि पतसंस्थेत आणलं. मधुकररावांनी अरुंधतीकडे बोट दाखवलं. तिनेच मग पाडव्याची भानगड सांगून टाकली.

"त्याला लग्नबिग्न काही कळत नाही, काका. आपण सांगितलेली आजची तारीख तेवढी ते पाहतं. लग्न तिच्या आधी असलं तर 'मागील' आणि 'झाला', नंतर असलं तर 'येत्या' आणि 'होईल'."

तिने खरी तारीख दिली. खडखडाट करत कागद बाहेर आला. 'विवाह येत्या माघात थाटात होईल.'

देवाजी थक्क! डोळे फाडून ते त्या पेटीकडे बघतच राहिले. "म्हंजे बसल्या जागी हे माघाच्या अलीकडं बी राहते अन् पलीकडं बी?"

"हो, काका."

रुपरावांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी नवा कागद पुढे केला. "पाहा. होईल म्हणते. आता तरी सोयरीक मोडू नका."

देवाजींनी तो कागद परत दिला आणि पहिलं पत्र नीट घडी करून बंडीच्या खिशात ठेवलं.

"होईल तर आमचा भटजी बी म्हणते," ते हळूच म्हणाले. "हे तर पलीकडं जाऊन पाहून आलं. आता मोडू कसा मी? झालेलं लग्न कोणी मोडते काय गा?"