पिंडाला शिवला, पिकअपला नाही

गाडी सुरू का होत नाही, हे मी नुसत्या आवाजावरून सांगतो. बढाई नाही! नाशकात आयटीआयमध्ये सव्वीस वर्षं मोटार मेकॅनिकचा वर्ग घेतोय. चावी फिरवल्यावर एकदाच 'टक' झालं की स्टार्टर, 'टकटकटक' झालं की बॅटरी. आणि काहीच झालं नाही, तर मला बोलवा.

त्यामुळे सायखेड्याहून बायकोचा, म्हणजे पल्लवीचा फोन आला तेव्हा मी जरा फुशारूनच बोललो. माझे सासरे कोंडाजी मामा, म्हणजे तिचे अण्णा, जाऊन आठ दिवस झाले होते आणि पल्लवी तिकडेच होती.

"अहो, अण्णांची पिकअप कधी चालू होते, कधी नाही. परवा दहावा आहे. घाटावर सगळ्यांना न्यायचं कसं?"

"मी जिवंत असताना कसली काळजी?" मी म्हणालो. मग जीभ चावली. सुतकातल्या घरी काय बोलायचं याचं भान मला कधीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मीटर, पाने, टेस्ट लॅम्प घेऊन मळ्यात पोचलो. घर नुसतं सुन्न होतं. सासूबाई, म्हणजे सगुणाबाई मामी, ओट्यावर बसून होत्या. पल्लवी म्हणाली, "आई आठ दिवसांत आठ वाक्यंसुद्धा बोलली नाही." मेहुणा किशोर गोठ्याशी उगाच काहीतरी उचलत आणि ठेवत होता.

किशोरचं दुःख वेगळंच होतं. दोन वर्षांपूर्वी त्याला ही वीस वर्षांची पिकअप विकून नवी घ्यायची होती. मामा नाही म्हणाले. शब्दाला शब्द वाढला आणि किशोर बोलून गेला, "मग गाडी आणि तुम्ही, दोघंबी जा भंगारात!" त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद. जेवायला शेजारी बसायचे आणि मामा मामींना सांगायचे, "त्याला म्हणाव, मीठ सरकव." मीठ सरकायचं, शब्द नाही. आणि तसेच एका सकाळी मामा चहा पिता पिता गेले. मला मामा फार आवडायचे. मी आलो की ते आधी बॉनेट उघडून ठेवायचे, म्हणजे जावयाला करमेल!

बॅटरी डाव्या दाराखाली, चढायच्या पायरीच्या मागे होती. टर्मिनलं गरम पाण्यानं धुतली, घासली, आवळली. पायरीवर एक पाय देऊन खिडकीतून ओरडलो, "मार चावी!" सुरू! पुन्हा मार, पुन्हा सुरू! दहाच्या दहा वेळा!

"कार्बन धरला होता," मी जाहीर केलं. "आता दहा वर्षं बघायचं काम नाही."

"दाजी, तुम्ही होता म्हणून," किशोर म्हणाला. मी नम्रपणे हात पुसले.

दहाव्याच्या सकाळी गाडी घाटावर झकास पोचली. पिंड मांडले. कावळा शिवेना झाला की मागे राहिलेल्यांनी मेलेल्या माणसाला शब्द द्यायचा, त्याची इच्छा पुरी करतो म्हणून सांगायचं. किशोर त्यासाठीच आला होता. रात्रभर जागून काय बोलायचं ते ठरवलं होतं, हे त्याच्या तोंडावरूनच कळत होतं. तो हात जोडून पुढे झाला, घसा खाकरला, "अण्णा..." म्हणाला, आणि तेवढ्यात एक कावळा आला आणि पिंड उचलून गेला!

"वा! कोंडाजी तृप्त गेला," भावकीतले केरू नाना म्हणाले. सगळे उठले, धोतरं झटकली. किशोर हात जोडून तसाच उभा राहिला. एवढा चटकन शिवलेला कावळा बघून रडकुंडीला आलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

बायका आणि भांडी मागच्या हौद्यात चढली. मामी लिंबाखालीच बसून राहिल्या. किशोरनं चावी फिरवली.

काही नाही. टक नाही, टकटक नाही. मी मीटर काढला. बॅटरी ठणठणीत. स्टार्टरवर हातोडीनं चार ठोके दिले. काही नाही! फ्यूज पाहिले, रिले बदलून पाहिला. काही नाही! मग मी पाठीवर झोपून गाडीखाली शिरलो. खाली चिखल होता आणि वर सायखेड्याची भावकी गोळा होत होती.

"मास्तर, काल दुरुस्त केली म्हणत व्हते नं?" कुणीतरी विचारलं. मी गाडीखाली आणखी आत सरकलो.

तेवढ्यात केरू नानांना साक्षात्कार झाला. "अरे, कावळा भुकेला व्हता, तो काय शिवणारच! कोंडाजीचा जीव गाडीत हाय. गाडी शिवली पाह्यजे!"

मी खालून ओरडलो, "नाना, हा अर्थिंगचा प्रॉब्लेम आहे!"

"तेच म्हणतो मी, अर्थ हाय त्यात!" नाना म्हणाले, आणि बॉनेटसमोर हात जोडून उभे राहिले. "कोंडाजी, तुझा बांध म्या दोन फूट सरकावला व्हता. परत देतो. जा आता!"

हे कुणालाच ठाऊक नव्हतं! किशोरनं चावी मारली. काही नाही.

"मंग ते राहू द्यायचं का बांधाचं?" नानांनी हळूच विचारलं.

"आता सगळ्यांनी ऐकलं, नाना!" पल्लवी म्हणाली आणि स्वतः पुढे झाली. "अण्णा, ह्यांनी तंबाखू सोडावी असं तुम्ही म्हणायचात. आजपासून ह्यांची तंबाखू बंद!"

"अगं, माझ्या वतीनं काय..." मी उठू पाहिलं, डोकं चॅसिसवर आपटलं. चावी मारली. काही नाही. गाडी बंद, तंबाखूही बंद!

हळूहळू सगळ्यांच्या नजरा किशोरकडे वळल्या. सगळ्यांना एकच वाटत होतं. भंगारात जा म्हणालेल्या पोराला बाप गाडी देत नाहीये. किशोरचा चेहरा मला चाकांमधून दिसला. मला फार वाईट वाटलं. बोल्ट, वायरी, रिले सगळं समजतं मला, पण अशा चेहऱ्याच्या माणसाला काय सांगायचं ते समजत नाही.

बाहेर यायला म्हणून मी डाव्या पायरीला लटकलो. एका हातात मीटरच्या पिना अर्थच्या वायरवर धरलेल्या होत्या. आणि मीटर वाजला! पायरी सोडली, गप्प. पायरी ओढली, वाजला! पायरीमागचा अर्थचा बोल्ट, म्हणजे बॅटरीची वायर गाडीच्या सांगाड्याला धरणारा, गंजून सैल झाला होता. पायरीवर भार आला की वायर चिकटायची, भार गेला की सुटायची. काल दहाही वेळा माझाच पाय पायरीवर होता! आज घरून निघताना मामी त्याच पायरीवरून चढत होत्या!

मी चिखलासकट बाहेर आलो, ओरडायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. किशोरनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं होतं.

"अण्णा," तो म्हणाला, "चुकलं माझं. भंगार म्हणलो मी तुम्हाला. रोज वाटायचं आज बोलू, आज बोलू. मीठ सरकवायचो, तेवढंच. गाडी विकणार नाय. तुम्ही फक्त एकदा बोला माझ्याशी, अण्णा."

त्यानं चावी धरली. मी डाव्या खिडकीपाशी गेलो, धीर द्यायला आल्यासारखं दाखवलं आणि डावा पाय पायरीवर सगळ्या वजनानिशी दाबला. पंच्याऐंशी किलो आयुष्यात पहिल्यांदा कामी आले!

गाडी घरघरून सुरू झाली. बायकांनी हुंदका दिला. किशोर स्टिअरिंगला मिठी मारून लहान पोरासारखा रडला. केरू नानांनी कान धरले. माझेही डोळे भरून आले, कबूल करतो, आणि पाय पायरीवरच राहिला.

मामी उठून आल्या. चढायला वाट हवी म्हणून माझ्याजवळ थांबल्या. इंजिनाच्या आवाजात फक्त मलाच ऐकू येईल इतक्या हळू म्हणाल्या, "जावईबापू, पाय काढा. चालू झाली की मंग नाय लागत."

मी पाय काढला. "मामी! तुम्हाला माहीत होतं?"

"सहा वरीस झाले. म्या पायरी दाबायची, ह्यांनी चावी मारायची. कुठंबी जायचं तर दोघंच."

"मग मघाशी बोलला का नाहीत? मी तासभर चिखलात लोळतोय!"

मामींनी रडणाऱ्या किशोरकडे पाहिलं. "तो कावळा मेला लय घाईचा निघाला," त्या म्हणाल्या. "पोराला तोंड उघडू दिलं नाय. म्हणलं, गाडी तरी थांबू दे."

जे सुचलं ते मास्तरकीचंच सुचलं. "मामी, बोल्ट आवळायला दोन मिनिटं लागतील. घरी गेल्यावर..."

"हात लावू नका. त्याला कळंल, बाप नाय, बोल्ट बोलला."

त्या चढल्या, लेकाशेजारी बसल्या आणि पदरानं त्याचं तोंड पुसलं. मी मागे हौद्यात भांड्यांमध्ये जाऊन बसलो. डोक्याला टेंगूळ, शर्टाला चिखल.

"मास्तर," केरू नानांनी विचारलं, "तुम्हाला काय गवसलं का मग खाली?"

"नाही हो नाना," मी म्हणालो, "आपल्याला नाही जमलं."

सव्वीस वर्षांत हे वाक्य तोंडातून पहिल्यांदाच निघालं. तेही खोटं!