सासूला वळसा घालणारी वाट

सेल्विनने निलगिरीला शेवटची गुलाबी फीत बांधली आणि बायकोकडे कौतुकाच्या आशेने पाहिलं. नोरीन म्हणाली, "ही वाट आखलीय की साप सरपटून गेलाय?"

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या त्या आदिवासी गावाने ठरवलं होतं, पर्यटकांना डोहापर्यंत आपल्याच माणसांनी पायी न्यायचं. वाट आखायची सेल्विनने. काम सोपं होतं, सासू नसती तर. जावयाने सासूसमोर यायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही, हा रिवाज. सेल्विन तो इमानेइतबारे पाळायचा. पण सासू, डल्सी म्हातारी, गळ घेऊन नेमकी त्याच्या वाटेत ठाण मांडायची. ती दिसली की हा मान खाली घालून झुडपात शिरायचा आणि फिती तिकडूनच पुढे जायच्या.

"आईला सांग ना, दुसरीकडे बस म्हणून."

"सांगितलं. म्हणाली, मला इथंच बरं वाटतं."

एकदा तर ती पाण्यापासून कोसभर लांब, वारुळाशी गळ घेऊन बसली होती. सेल्विनने तिथेही निमूट वळसा घातला.

मग वाट तपासायला शहरातून पर्यटन खात्याच्या फर्ग्युसनबाई आल्या. त्यांनी नाक मुरडलं की पर्यटक नेण्याचं काम बाहेरच्या कंपनीला जाणार आणि गावाने तिच्या बसमागची धूळ खायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नोरीनबरोबर डल्सीही सोबत निघाली. त्यामुळे वाटाड्या सेल्विन झाडाआडूनच माहिती देत होता.

"डोह तर समोर दिसतोय. मग डावीकडे का वळलात?" बाईंनी विचारलं.

झाड नुसतं खोकलं. सासू बसली होती, हे सासूच्या देखत कसं सांगणार? शेवटी म्हातारीच लेकीच्या कानाला लागली.

"आई म्हणते, सरळ गेलात तर मगरीण आहे. जुनी आणि खाष्ट," नोरीन म्हणाली.

बाईंनी उचललेलं पाऊल मागे घेतलं. "आणि ते वारुळापाशी?"

"ती बायकांची जागा. पुरुषांना तिथं मज्जाव."

झाडामागे सेल्विनने जीभ चावली. सासू बसली नसती तर तो तिथून सरळच वाट नेणार होता.

"इतका विचार करून आखलेली वाट मी पाहिली नव्हती," म्हणत बाईंनी मंजुरी दिली.

संध्याकाळी सेल्विनने बायकोला आईकडे पिटाळलं. "विचार तिला, हे आधी माहीत होतं तर तुझ्याकडून निरोप का नाही धाडला?"

नोरीन हसतच परतली. "आई म्हणते, माझ्या लेकीनं सांगितलेलं त्यानं कधी ऐकलंय? 'बघू' म्हणतो. मी बसले की मात्र मुकाट वळतो."