न फवारल्याचा दाखला

बोरी अरबच्या हंसाबाईंनी घरामागच्या पाच गुंठ्यांत नुसत्या शेणखतावर मेथी पिकवली. यात काही नियमबाह्य आहे, अशी त्यांना कल्पना नव्हती. ती यवतमाळच्या विषमुक्त आहार मंडळाच्या अध्यक्ष सुमेधाताईंनी दिली.

"मेथी छानच आहे हो. पण दाखला नसेल तर पुढच्या आठवड्यापासून आमच्या रविवारच्या भाजीविक्रीत बसता येणार नाही."

गावच्या बाजारात भोकं पडलेल्या पानांकडे कोणी ढुंकून बघत नसे. रविवारची ती जागा गेली की सगळंच गेलं. हंसाबाईंनी दाखला देणारा पडताळणी कक्ष गाठला. तिथले यज्ञेश्वर साहेब अतिशय नम्र होते.

"औषध फवारलं नाही, याचा पुरावा?"

"जे केलंच नाही त्याचा पुरावा कुठून आनू, साहेब?"

"कृषी केंद्रातून. कीटकनाशक खरेदी न केल्याची पक्की पावती."

कृषी केंद्रवाल्या फुलचंदचा संगणक काही विकल्याशिवाय पावती काढत नसे. "एक बाटली घ्या बाई, म्हंजे तुमचं नाव मशीनमधी चढते. मंग बाकीच्या घेतल्या नाही असं लेहून देतो."

हंसाबाईंनी बाटली घेतली. पावती पाहून साहेबांची भुवई वर गेली. "खरेदी दिसते!" मग बाटलीचं सील शाबूत असल्याचा पंचनामा झाला, पंचांची प्रतिज्ञापत्रं झाली, मेथीच्या रहिवासाचा पुरावा झाला. पथक वाफ्यावर पोचलं तोवर मेथी फुलून, शेंगा धरून, वाळून गेली होती. "पीक अनुपस्थित, सबब विष आढळले नाही," असा शेरा मारून साहेबांनी दाखला मंजूर केला.

मे महिन्यात हंसाबाई दाखला मांडून मंडळात बसल्या.

"मेथी कुठाय?" सुमेधाताईंनी विचारलं.

"या उन्हात कुठची मेथी, ताई? भेंडी घ्या ना, हे बी बिनाऔषधाची हाय."

"भेंडीचा दाखला?"

हंसाबाईंनी भेंडी परत टोपलीत भरली. पुढच्या रविवारी त्यांनी ठोक बाजारातून परराज्यातली, एकही भोक नसलेली हिरवीगार मेथी आणली. जुड्या रचताना त्यांची मान वर होत नव्हती.

सुमेधाताईंनी एक पान चघळलं. "हीच ती खरी चव! बाहेर सगळं फवारलेलं मिळतं."

रांग लागली. तुमच्याआमच्यासारखीच चार बुकं शिकलेली माणसं होती. प्रत्येकानं दाखल्याचा फोटो काढला. मेथी हुंगून पाहिली ती फक्त रस्त्यावरच्या एका गायीनं, आणि ती तोंड न लावता पुढे गेली.