गजाकाकांचा साकव

गजाकाकांच्या दाराची घंटा म्हणजे मोडीत निघालेल्या एका लाँचचा भोंगा आहे. कुणी बटण दाबलं की आगरदांड्याच्या धक्क्यावर बसलेली माणसं पिशव्या उचलून उभी राहतात. बोट सुटली असं वाटतं त्यांना. गावाने तक्रार केली तेव्हा काका म्हणाले, "मंग टायमावर येतात ना माणसं? बरंच हाय की."

काका आमचे शेजारी. जन्मभर लाँचच्या इंजिनावर नोकरी केली. काकू गेल्यापासून एकटेच राहतात. स्वतः निवृत्त झाले, पण घरातल्या एकाही वस्तूला निवृत्त होऊ देत नाहीत. वॉशिंग मशीनच्या टबात अळू लावलंय, मोडक्या पंख्याच्या पात्यांवर सुकट वाळते. "मेला न्हाय तो, काम बदलून द्या त्याला," हे त्यांचं पालुपद.

साहजिकच आमच्याकडे नवा राउटर आला, त्याच संध्याकाळी काका जुना मागायला दारात.

"बाई, ह्याचा साकव करतो."

मी शाळेत शिकवते, म्हणून मी 'बाई'. म्हटलं, "कसला साकव?"

"ओढ्यावर लाकडी पूल असतो तसा. तुमच्या घरातलं नेट ह्यानं हवेतनं पकडायचं नि माझ्या घरात सोडायचं. मधी वायर न्हाय, काय न्हाय."

काकांचं घर टेकडीच्या अगदी पायथ्याशी, तिथे मोबाइलला रेंज येत नाही. पण नेट हवंय कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "भरती-ओहोटी बगायला." खाडी त्यांच्या मागच्या दाराला लागून आहे!

पहिल्याच दिवशी आमचं नेट गेलं. आमचे हे ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलत होते. साहेबांनी फोन करून सांगितलं, तुम्ही पडद्यावर तोंड उघडं ठेवून गोठलाय. तेवढ्यात काका धावत आले.

"दोगंबी पत्ते वाटतायत!"

"कोण?"

"राउटर, राउटर! परतेक फोनला पत्ता द्यायचं काम एकाचं. जुन्याला सवय, तोबी वाटत सुटला. दोगं वाटायला बसले तर डाव चालंल कसा?"

मग त्यांनी जुन्याचं वाटप बंद केलं. त्याचा स्वतःचा पत्ताही बदलला, कारण दोघे एकाच पत्त्यावर राहायचा हट्ट धरून बसले होते.

पुढे खारी हवा लागू नये म्हणून त्याला तेलाच्या पत्र्याच्या डब्यात कोंडलं, आणि नेट गायब. काका टेकडीला शिव्या घालत राहिले. शेवटी पत्राच नेट अडवतो हे कळलं, आइस्क्रीमचा प्लास्टिकचा डबा आला, आमच्या बाजूची खिडकी मिळाली आणि साकव एकदाचा उभा राहिला.

एका दुपारी मी खोबऱ्याच्या वड्या घेऊन गेले. दार उघडंच होतं. काका जेवत होते. समोर तांब्याला टेकवलेला मोबाइल, आणि त्यात एक म्हातारी, तीही पुढ्यात ताट घेऊन बसलेली. दोघंही गप्प.

"काका, अडकलं वाटतं?" मी विचारलं.

"न्हाय, चावतेय ती. दात कमी हायत." मग हळूच म्हणाले, "आक्का माझी. पल्याड दिघीला असते. गुडघे गेले, बोटीत चढवत न्हाय. एकटी असली का चहावरच भागवते. मी म्होरं बसलो का जेवते."

"मग बोलत का नाही?"

"जेवताना काय बोलायचं?"

तेवढ्यात मोबाइलमधून आवाज आला, "गजा, भात संपला तुझा. घे आजून."

"पोट भरलं, आक्का."

"घे म्हनते ना!"

काकांनी मुकाट्याने टोप पुढे ओढला आणि भात वाढून घेतला. पलीकडे आक्काने ते नीट पाहिलं, आणि मगच आपल्या ताटात थोडा घेतला.