डब्यातले शेवट

"मेलीये ती, साहेब! मेलीये! दोनशे ऐंशीव्या पानावर चांगली सगळ्यांच्या देखत मेलीये, आणि तुम्ही खुशाल पेपरात लिहिता की ती फलाटावर वाट बघत उभी आहे?"

दार उघडल्या उघडल्या हे ऐकून समीक्षकांच्या हातातलं पेन गळून पडलं. समोर एक कादंबरीकार उभे होते. एका हातात रविवारचा पेपर, दुसऱ्या हातात छत्री. बाहेर लख्ख ऊन होतं, तेव्हा छत्री कशासाठी आणली होती ते देवच जाणे.

बावीस वर्षं दर रविवारी पुस्तकांची परीक्षणं लिहिणाऱ्या माणसाला लेखकांचा आरडाओरडा नवा नव्हता. पण तो यायचा शिव्या खाल्लेल्यांकडून. या गृहस्थांची तर समीक्षकांनी तोंड फाटेस्तोवर स्तुती केली होती.

"अहो, पण मी चांगलंच लिहिलंय ना? 'नायिकेचं पुढं काय झालं हे न सांगण्याचा संयम लेखकानं दाखवला आहे,' असं..."

"चुलीत घाला तो संयम! मी सगळं सांगितलंय! दोन पानं खर्ची घातलीत तिच्या मरणावर!" कादंबरीकार आत येऊन खुर्चीत आदळले. "येत्या रविवारी तुमच्या ग्रंथाचं प्रकाशन आहे ना? मी पहिल्या रांगेत बसणार. तुमचं भाषण संपलं की उठणार आणि भर सभेत एकच विचारणार, साहेब, पुस्तकं वाचता का हो तुम्ही?"

समीक्षकांत दोष खंडीभर असतील, पण न वाचता त्यांनी आजवर एक ओळ लिहिली नव्हती. शिवाय तो ग्रंथ! बारा वर्षं खपून त्यांनी तो लिहिला होता, आणि त्याचं नावच मुळी 'मुक्त शेवट' होतं. थोर कादंबरी कधीच संपत नाही, ती वाचकाला अधांतरी सोडते, असा त्यांचा सिद्धांत होता. जुन्या अभिजात कादंबऱ्यांपासून कालच्या खपाऊ पुस्तकापर्यंत शंभर उदाहरणं त्यांनी दिली होती. इतर समीक्षकांनी काय म्हटलंय हे त्यांनी कधी पाहिलं नाही. दुसऱ्याचं उष्टं मत त्यांना चालत नसे.

"थांबा, दाखवतोच तुम्हाला," म्हणत ते कपाटाकडे गेले. कपाटातल्या प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर होतं. घरात आलेलं पुस्तक आधी आईकडे जायचं, आई त्याला कव्हर घालायची, स्वतः वाचायची आणि मग ते मुलाच्या टेबलावर यायचं. ही पद्धत इतकी जुनी होती, की तिच्याबद्दल कुणी बोलतही नसे.

"हे घ्या. शेवटचं वाक्य वाचा. 'ती फलाटावर उभी राहिली. गाडीचा आवाज जवळ येत होता.' संपलं!"

"संपलं? पान कितवं आहे ते?"

"दोनशे अठ्ठ्याहत्तर."

"पुढचं कुठाय?" कादंबरीकारांनी पुस्तक हिसकावलं आणि शिवणीवरून बोट फिरवलं. "कापलंय! अहो, पट्टी लावून ब्लेडनं कापलंय हो कुणीतरी!"

समीक्षकांनी घाईघाईनं दुसरं पुस्तक काढलं. शिवणीपाशी कागदाची बारीकशी कड. तिसरं काढलं, तेच. कॉलेजात असताना वाचलेली, पार झिजलेली एक अभिजात कादंबरी काढली, तीही तशीच. फरशीवर ढीग जमला.

"कव्हरं फाटतील हं," म्हणत आई चहा घेऊन बाहेर आली. वय अठ्ठ्याहत्तर, हात अजून स्थिर.

"आई, या पुस्तकांची शेवटची पानं..."

"माझ्याकडे आहेत," आई म्हणाली. "पुस्तकाचं पान कधी टाकू नये."

ती आत गेली आणि बिस्किटांचा एक भला मोठा पत्र्याचा डबा घेऊन आली. झाकण काढलं तर आत पानंच पानं, पुस्तकाच्या नावाची चिठ्ठी टाचलेली.

"अगं, पण का?" समीक्षक ओरडले.

"का म्हणजे? तुझे बाबा गेले तेव्हा तू बारा वर्षांचा. गोष्टीतलं एक कुत्रं मेलं म्हणून तीन दिवस अन्नाला शिवला नाहीस. तेव्हाच ठरवलं, या घरात आता कुणी मरायचं नाही. सगळे सुखरूप असतील तर मी पानाला हात लावत नाही. पण तुझ्याकडे येतात ती मेली सगळी एकजात रडकी!"

समीक्षकांनी एकेक पान उचललं. ज्या कप्तानाला 'अखंड प्रवासी' म्हणून त्यांनी ग्रंथात सोळा पानं दिली होती, तो न्युमोनियानं गेला होता. ज्या दोन भावांच्या अबोल्यात त्यांना समेटाची शक्यता दिसली होती, त्यातल्या धाकट्यानं थोरल्याला विहिरीत ढकललं होतं. लाडकी शिक्षिका, तिचा आंधळा बाप, घड्याळजी, सगळे गेले. चहा निवेपर्यंत समीक्षकांनी एकोणचाळीस मृत्यू सोसले. घड्याळजीच्या वेळी तर त्यांना हुंदकाच आला.

आवाज ऐकून बायको बाहेर आली. डबा पाहून तिला काहीच वाटलं नाही.

"तुलाही माहीत होतं?"

"लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात कळलं. मी शेवट वाचायला लायब्ररीत जाते."

"आणि मला बोलली नाहीस?"

"अहो, तुम्हाला दुसऱ्याचं मत कुठं चालतं?"

इकडे आईनं खुर्ची ओढून कादंबरीकारांकडे मोर्चा वळवला होता. "ती फलाटावरची पोरगी तुमची का?"

"हो, आजी."

"चांगली धडधाकट होती की हो! दोनशे अठ्ठ्याहत्तर पानं साधी सर्दी नाही झाली तिला. मग काय झालं एकाएकी?"

"ते... म्हणजे... शोकात्म परिणाम..."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"नाही."

"तिच्या भावाला कळवलंत? तो तर गाडीत बसला होता. पुढच्याच स्टेशनात होता बिचारा!"

कादंबरीकारांनी छत्री खाली ठेवली. म्हणाले, "खरं सांगू, आजी? प्रकाशक म्हणाला, दोनशे ऐंशीच्या वर एक पान वाढवणार नाही. तिला कुठंतरी थांबवणं भाग होतं."

"थांबवायचं म्हणून मारलंत?"

"नऊ वर्षं होती हो ती माझ्या घरात," कादंबरीकारांचे डोळे भरून आले. "ते पान लिहिलं आणि मलाही दोन दिवस घास गेला नाही."

"बघा! आणि म्हणे लोकांनी वाचावं!"

कादंबरीकारांनी आपलं पान हातात घेतलं, वाचलं आणि तसंच परत डब्यात ठेवलं. मग शेवट नसलेली ती प्रत छातीशी धरून म्हणाले, "ही मी नेऊ? माझ्याकडे अशी एकही नाही." दारातून वळून त्यांनी समीक्षकांना सांगितलं, "रविवारी येतो. विचारणार काही नाही."

इज्जत वाचली, पण सिद्धांताचं काय? समीक्षकांनी धावत जाऊन आपल्या प्रकाशकांना फोन लावला. "छपाई थांबवा! ग्रंथ चुकलाय! शंभरपैकी शंभर उदाहरणं खोटी आहेत!"

"आता कसली छपाई, साहेब? हजार प्रती बांधून तयार! एक तुमच्या घरी सकाळीच पाठवली. आणि शेवट काय केलाय हो तुम्ही! अर्ध्या वाक्यावर सोडलंत! विषय मुक्त शेवट आणि ग्रंथही मुक्त! माझं तर डोकंच सुन्न झालं."

समीक्षकांचंही झालं. त्यांनी कुठलंच वाक्य अर्ध्यावर सोडलं नव्हतं. ते हळूच मागे वळले. आई खाकी कागदात एक कोरी प्रत बसवत होती. तेव्हा त्यांना आठवलं, हस्तलिखित बांधून छापखान्यात आईनंच पाठवलं होतं. मुद्रितंही तिनंच तपासली होती, कारण शुद्धलेखनात तिचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं.

त्यांनी प्रत ओढून शेवटचं पान उघडलं. 'चांगली पुस्तकं हल्ली विरळाच. म्हणून जड अंतःकरणानं मला आज हे सांगावं लागत आहे, की आपली मराठी कादंबरी'. पुढं कोरं.

डब्याच्या तळाशी त्यांचंच अक्षर होतं. 'मेली आहे', अशी सुरुवात आणि मग तीन पानं शोक.

"आई!" समीक्षकांनी ती पानं तिच्यापुढं धरली. "अगं, हे समीक्षेतलं मरण होतं!"

"मरण ते मरण," आई कव्हराची कड दुमडत म्हणाली. "चार पुस्तकं वाईट आली म्हणून लगेच मारतात होय रे? थोडा दम धर. होईल बरी."