चकती खानारं जनावर

ट्रे बाहेर येतच नव्हता. मी बटन दाबून राह्यली, दाबून राह्यली, अन आतून नुसतं कट-कट-कट्ट, मंग घर्रर्र, मंग काहीच नाही. पोरगी कडेवर, तिनं बी भोंगा पसरला, अन आत आबाजीची चकती होती, सिनेमाची सीडी. तीच ती. दोन ड्राइव्हनं जिले थुकून देल्लं होतं ती.

थांबा, आबाजी कोन ते सांगते आधी, नाही तं तुमाले काही समजनार नाही.

आबाजी आमच्या बाजूच्या घरातले. आमच्या बेला गावात कोनालेही "सिनेमावाला बुढा" मना, घर दाखवते. पयले घरोघरी टीव्ही नव्हते तवा हे बैलबंडीत टीव्ही अन चकतीचं मशीन टाकून गावोगाव सिनेमे दाखवाचे. चकत्या सगळ्या तेलुगू, अन पाहनारे सगळे आपले मराठी. तं आबाजी टीव्हीच्या बाजूले काठी घेऊन उभे, अन सगळा सिनेमा मराठीत सांगाचे. हिरो बोलला का आबाजी बोले, हिरोईन रडली का आबाजी रडे. अन शेवटी हिरोईन मेली का आबाजी सांगे, "मेली नाही बायांनो, चक्कर आली, आता उठते." एखादी बाई मने, "आबाजी, पन ते चिता पेटवून राह्यले न?" तं आबाजी मने, "ती दुसऱ्याची हाय!" बाया डोळे पुसत खुशीत घरी. खरं-खोटं कराले तेलुगू येत होती कोनाले?

यंदा त्याईच्या डोक्यात आलं का चकत्या खराब होऊन राह्यल्या, सगळे सिनेमे कम्प्युटरात भरून ठेवाचे. त्याले ड्राइव्ह लागते, चकती वाचनारा डबा. आपन काय करू, दुकानात जाऊ, एक आनू, मोकळे. आबाजीनं आदिलाबादच्या दुकानातून तीन आनले, शर्तीवर, पसंत नाही पडला तं वापस. बैल आनते तसे. "जोखल्याशिवाय जनावर दावनीले बांधाचं नाही," मने. ट्रे उघडून आत बॅटरी मारून पाहे, जसे काही दातच मोजून राह्यले.

पयला ड्राइव्ह पातळ, पापडासारखा, एका वायरीवर चालनारा. दुकानदार मने, "चाचा, येइच लो ना, हलका है, आजकल सब येइच लेते."

आबाजी मने, "हलका तो बकरा भी रहता, नांगर खींचता क्या?"

घरी आनून त्याले ती घासलेली चकती लावली तं तो जरासा फडफडला अन कम्प्युटरातून गायबच झाला. "एकाच वायरीतून खाते अन त्याच वायरीतून बोलते, दम कसा राहीन?" दुसरा असा धावे का विमान उतरलं वाटे, चकती तापून बाहेर येई, अन सिनेमात हिरोच्या तोंडाचे चौकोन-चौकोन. "हा उधळ्या." तिसरा जुन्या कम्प्युटरातून काढून डब्यात बसवलेला, जाडजूड, करंटची वायर वेगळी. हळू चाले. अडे, मागं जाये, पुन्हा वाचे. आबाजी त्याले कान लावून बसले, चहा थंड झाला तरी बसले, अन मंग मने, "हा रवंथ करते. हाच पाह्यजे."

आमच्या सासूबाई कपाळाले हात लावे. "मंजुळेची नजर गेली, लेकानं हैदराबादले नेलं तिले, अन हा बुढा इथं सिनेमे पाहून राह्यला! अन दुपारी दार लावून एकटाच बोलते, ऐकलं का? गेलं डोकं." मंजुळाकाकी म्हनजे आबाजीची बायको. मले बी भेव वाटे. दुपारी खरंच आतून आवाज येई त्याईचा, जसं कोनी समोर बसलं हाय.

तं त्या दिवशी आबाजी बाकीचे दोन ड्राइव्ह वापस द्याले आदिलाबादले निघाले. करंट नव्हता. ट्रे उघडा, वर ती चकती ठेवलेली. मले मने, "सूनबाई, करंट आला का हे बटन दाब, जनावर तोंड मिटीन, पुढचं कम्प्युटर करीन. दुसरं काहीच करू नको."

आता मी बसली. बसल्या-बसल्या मनात आलं, घरात नवीन मशीन आलं, कोनी कुंकू नाही लावलं. घरची बाई इथं नाही, कोन लावीन? मोटरसायकल आनली तं आपन ओवाळतो का नाही? मी घरून ताट आनलं, हळद-कुंकू लावलं, ओवाळलं, अन हातानं आपोआप अक्षता टाकल्या. करंट आला. मी बटन दाबलं. कट-कट-कट्ट.

तांदूळ! मंग डोक्यात उजेड पडला. आता बस येनार, आबाजी येनार. त्याईनं एकदा दाखवलं होतं का ट्रेच्या खाली बारीक भोक असते, जनावराची दातखीळ बसली का तिथं टोचाचं. मंगळसूत्रात सेफ्टी पिन असतेच आपल्या, ती सरळ केली, करंट बंद केला, अन देवाचं नाव घेऊन खुपसली. ट्रे बोटभर बाहेर आला. बाकीचा मी नखानं ओढला. दोन दाने तांदूळ, लाल. चकतीच्या कडेले एक नवा ओरखडा. कड म्हनजे सिनेमाचा शेवट, हे बी आबाजीनंच सांगितलेलं.

पुसून पुन्हा लावली. चालला, रवंथ करत चालला, मी जीव मुठीत धरून बसली, अन शेवटाले आला अन थांबला. कम्प्युटरवर काहीबाही लिहून आलं. मी घाबरून इथं दाब, तिथं दाब, तं आबाजीनं आधी भरून ठेवलेला एक दुसराच सिनेमा सुरू झाला. तेलुगू बोलनं एकदम बारीक, अन त्यावर आबाजीचा आवाज.

"हे पाय मंजुळा, आता हिरोईन विहिरीवर आली. लुगडं हिरवं हाय, तुह्या पोळ्याच्या लुगड्यासारखं. मागं आपल्यासारखी कपाशीची पऱ्हाटी नाही, ऊस-बिस दिसते. इथं तू हसली होती, आठवते? हास आता."

दुपारचं एकटं बोलनं हे होतं तं! मी पोरीच्या तोंडावर हात ठेवला अन ऐकतच राह्यली.

आबाजी आले तं मी आधीच रडून राह्यली होती. सगळं सांगून टाकलं, तांदूळ, पिन, ओरखडा. फक्त आवाज ऐकला ते नाही सांगितलं. आबाजी ट्रेवरचं कुंकू पाहून मने, "पूजा केली तं केली, अक्षता कायले टाकल्या वो? लगन लावून राह्यली होती काय त्याचं?" मंग हळूच मने, "कुठंवर आला?"

"होडी येते तिथंवर."

त्याईनं चकती उजेडात धरून ओरखडा पाह्यला. हा त्याईचा पयला सिनेमा. काकी तवा तरन्याताठ्या होत्या, पयल्या रांगेत बसल्या होत्या, हे साऱ्या गावाले माहीत हाय. काकीनं फोनवर हाच मांगितला होता, असाच आवाज भरून धाडाले. अन मी आठवीपर्यंत तेलुगू शाळेत शिकली, हा सिनेमा लहानपनी टीव्हीवर पाह्यलेला हाय मी. शेवटी हिरोईन नवऱ्याले सोडून होडीत बसते अन जाते. वळून बी पाहत नाही.

"बरं झालं," आबाजी मने. "शेवट तसाही सिनेमा काढनाऱ्याईनं चुकवलाच होता."

अन मी ताट उचलून निघाली तं मागून त्याईनं कम्प्युटरात बोलाले सुरू केलं, दार लावाचं बी भान नव्हतं. "ती होडीत पाय ठेवते, मंजुळा. अन मंग तिले आठवते, चुलीवर दूध ठेवलेलं हाय. वापस येते. पळत येते. येतेच."

आज सकाळी काकीचा फोन आला, मले. आबाजीले नाही, मले.

"सूनबाई, तुले तेलुगू येते न? एक खरं सांग. त्या सिनेमात शेवटी ती वापस येते काय? मागून होडीचा आवाज नाही, गानं नाही, शेवटाले नुसता ह्याईचाच आवाज हाय."

फोन कानाले, पोरगी कडेवर, अन बाजूच्या घरातून त्या जनावराचा रवंथ ऐकू येऊन राह्यला. काकी तिकडं थांबून हाय. तुमी असते तं काय सांगितलं असतं? सांगा न लवकर.